मूळ आकाराची ओढ

'सांधा' हा मराठीतला मोठा सोशिक शब्द आहे. गुडघ्याचा सांधा, चौकटीचा सांधा, पत्र्याच्या दोन तुकड्यांमधला सांधा, असे शरीर आणि कारागिरी तो एकाच नावाखाली आणतो. आणि त्याचे क्रियापद केले की 'सांधणे', म्हणजे तुटलेले पुन्हा जोडणे, असा अर्थ निघतो. जिथे दोन वस्तू भेटतात त्या जागेलाच आपल्या पूर्वजांनी दुरुस्तीचेही नाव दिले, यामागे अनुभव असला पाहिजे. वस्तू सहसा मधोमध फुटत नाही. होडी दोन फळ्यांच्या मध्ये पाझरते, छप्पर पन्हळीपाशी गळते, आणि घरातला कुकर शिट्टी न देता कडेने वाफ सोडू लागला की दोष भांड्याचा नसून झाकणातल्या रबरी रिंगेचा आहे, हे कोणतीही गृहिणी झाकण उघडण्यापूर्वीच सांगते.

मला ज्या सांध्याविषयी लिहायचे आहे तो स्वयंपाकघरातला नाही. तो फोक्सवॅगन बीटल या जुन्या मोटारीच्या इंजिनातला आहे. इंजिनाच्या मुख्य कवचातून तेल वर चढते, ऑइल कूलर नावाच्या एका उभ्या जाळीदार पेटीत जाते, तिथे निवते आणि पुन्हा कवचात उतरते. जाण्याचे एक भोक आणि येण्याचे एक भोक. कवच आणि कूलर यांच्यामध्ये या दोन भोकांभोवती दोन रबरी कड्या बसवलेल्या असतात. कारागीर त्यांना सील म्हणतात. आकाराने सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढ्या. पण त्या पाझरू लागल्या तर त्यांच्यापर्यंत हात पोचवण्यासाठी सहसा सगळे इंजिन गाडीतून खाली उतरवावे लागते. चार बोल्ट सोडले की ते इंजिन उतरते, इतके ते सुटसुटीत आहे. पण मग कार्ब्युरेटर, डायनॅमो आणि पंख्याचे पत्र्याचे आवरण दूर केल्यावाचून कूलरचे दर्शन होत नाही. लहान वस्तू जागच्या जागी असताना अदृश्य असते, आणि बिघडली की तिच्यासाठी सगळे घर रिकामे करावे लागते.

या मोटारीला पाण्याची टाकी नाही आणि रेडिएटरही नाही. इंजिन मागच्या बाजूला. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, जमिनीशी समांतर निजलेले. प्रत्येकाच्या अंगावर धातूच्या पातळ पात्यांची वलये, आणि डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला एक पंखा त्या वलयांवर सतत वारा घालतो. म्हणून हे इंजिन वायुशीत. तरी निम्मे सत्य एवढेच. जिथे वारा पोचत नाही त्या पोटातल्या उष्णतेची जबाबदारी तेलावर असते. आणि ते तेल असते अवघे अडीच लिटर. त्याला गाळायला कागदी फिल्टरसुद्धा नाही, तळाशी फक्त एक बारीक जाळी आहे. एवढ्या थोड्या तेलाने वंगण घालायचे, उष्णता वाहायची आणि निवून परत यायचे. इंजिन थंड असताना तेल घट्ट असते, दाब वाढतो, आणि दाबाने मागे सरणारी एक दट्ट्यावजा झडप त्याला कूलर टाळून थेट बेअरिंगांकडे जाऊ देते. तेल तापून पातळ झाले की ती झडप मिटते आणि मग त्याला कूलरमधूनच जावे लागते. तेव्हा त्या दोन रबरी कड्यांवर सगळी भिस्त असते.

गाडीचा जन्म काही शुभ मुहूर्तावर झाला नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी ती आखली ती हिटलरच्या राजवटीत, सामान्य माणसाची मोटार म्हणून. कारखान्याची कोनशिला १९३८ च्या मे महिन्यात बसली. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून तीन लाखांहून अधिक जर्मन कुटुंबांनी पैसे साठवले, आणि युद्ध सुरू झाल्यावर त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यात लष्करी वाहने निघू लागली आणि देशोदेशींहून सक्तीने आणलेली माणसे तिथे राबू लागली. युद्धानंतर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश मेजरने त्या पडझडीतून उत्पादन पुन्हा सुरू केले. पुढे ही गाडी जगभर गेली. अखेरची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत पुएब्ला येथे तयार झाली, तेव्हा एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांच्या पुढे गेली होती. भारतात ती कधी बांधली गेली नाही. जी काही मोजकी वाहने आली ती परदेशी माणसांबरोबर किंवा परदेशातून परतणाऱ्यांबरोबर आली, आणि मालक मायदेशी निघाला की दुसऱ्याच्या अंगणात राहिली.

आमच्या अंगणातली अशीच राहिलेली. १९६६ ची, तेराशेची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७८ साली बडोद्यात घेतली. अण्णा मूळचे मालवणचे. १९५२ साली कलाभवनात शिकायला म्हणून ते बडोद्याला आले आणि तिथेच राहिले. कलाभवन ही सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली तंत्रशिक्षणाची संस्था. दादासाहेब फाळके तिथे शिकले होते. अण्णा आले तेव्हा ती विद्यापीठात सामावली गेली होती, तरी शहर तिला जुन्याच नावाने ओळखत होते, अजूनही ओळखते. शिक्षण संपल्यावर अण्णांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना कानस कशी धरावी आणि लेथवर हात कसा वाचवावा हे शिकवले. ते सांगत की यंत्राचे पहिले शिक्षण त्यांना कलाभवनात नव्हे, मालवणच्या किनाऱ्यावर मिळाले. पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात लोटण्यापूर्वी फळ्यांच्या सांध्यांत कापसाचे पीळ ठोकून भरत, वर राळ लावत. तरीही पहिल्या दिवशी होडी थोडे पाणी घेईच. मग लाकूड पाणी पिऊन फुगे आणि सांधा आपोआप मिटे. "होडी कोरडी ठेवली की गळते," असे अण्णा म्हणत, आणि हे वाक्य ते मोटारीपासून नातेवाइकांपर्यंत कशालाही लावत.

गाडी आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिच्या कूलरचा इतिहास मला पुष्कळ पुढे कळला. बीटलच्या जुन्या रचनेत हा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच, डाव्या जोडीच्या वर, वाऱ्याच्या वाटेत उभा असे. परिणाम असा की कूलरमधून तापून निघालेला वारा खाली तिसऱ्या सिलिंडरवर पडे. चारांपैकी तिसरा नेहमी जास्त तापे आणि त्याचा एक्झॉस्ट वाल्व्ह इतरांपेक्षा आधी जाई. कारखान्याला हे ठाऊक होते. म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी तजवीज केली गेली. एकाच्या वाट्याला कायम दुसऱ्याचा तप्त श्वास यावा, आणि त्यावर उपाय म्हणून त्यालाच थोडे मागे ठेवावे, ही व्यवस्था मला कुटुंबसंस्थेची आठवण करून देते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलरला आवरणाच्या बाहेर काढून स्वतंत्र खोपटे दिले गेले आणि त्याचा गरम वारा परस्पर बाहेर सोडला गेला. त्या खोपट्याला जगभरचे कारागीर 'डॉगहाउस' म्हणतात. याच सुमारास कवचातल्या आणि कूलरमधल्या तेलवाटाही रुंद झाल्या. पूर्वी आठ मिलिमीटर होत्या, त्या दहा झाल्या. दोन मिलिमीटरचा फरक. म्हणजे जवारीच्या अर्ध्या दाण्याएवढा. पण त्यामुळे जुन्या इंजिनाच्या कड्या वेगळ्या आणि नव्याच्या वेगळ्या झाल्या.

आमच्या गाडीत हे दोन काळ एकत्र नांदत होते. कधी तरी ऐंशीच्या दशकात, एका कारखान्यात इंजिन उतरले असताना, जुना कूलर फुटला म्हणून कुणी तरी नव्या धाटणीचा कूलर आणि त्याचे खोपटे पैदा करून बसवले होते. कल्पना चांगली होती. पण कवच जुने, आठाचे. कूलर नवा, दहाचा. आणि मधल्या कड्या जुन्या. जो मेळ बसत नव्हता तो घट्ट होणाऱ्या लुकणाने बुजवला गेला. पुढे पंचवीस-तीस वर्षे आमची गाडी जिथे उभी राही तिथे जमिनीवर रुपयाएवढा काळा डाग पडे. आई त्या जागी रांगोळी काढत नसे. अण्णा दर काही दिवसांनी तेल घालत आणि गप्प राहत. तेव्हा सुटे भाग परदेशातून आणवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

२०१७ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, अण्णांनी स्वतःच्या देखरेखीखाली ते इंजिन उतरवून पूर्ण सुटे केले. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवला. प्रत्येक डब्यावर शिसपेन्सिलीने नाव, आणि त्याखाली एखादे वाक्य. 'तिसऱ्याचा वाल्व्ह जळका.' 'ही जाळी पुन्हा वापरावी.' 'कवच मॅग्नेशियमचे, मऊ, स्टड जपून.' एका डब्यात दोन लहान पाकिटे होती. एकावर '८', दुसऱ्यावर '१०', आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. नव्या कड्यांच्या दोन्ही जोड्या त्यांनी मागवल्या होत्या आणि दोन्ही बसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले होते. तिसऱ्या डब्यात जुन्या, काढलेल्या कड्या होत्या. त्यांवर लिहिले होते, 'पाहण्यासाठी ठेवल्या.'

मी त्या पुष्कळ वेळा पाहिल्या. नव्या कडीशेजारी जुनी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. नवी गुबगुबीत, बोटाने दाबली तर दबते आणि सोडली की उसळून पूर्ववत होते. जुनी चपटी, कडक, तकतकीत. तिच्या एका अंगावर कवचाचा ठसा आणि दुसऱ्या अंगावर कूलरचा. दाबून पाहावे तर ती दबत नाही, आणि म्हणून उसळतही नाही. ती ज्या जागेत पिळून बसली होती त्या जागेचाच आकार तिने कायमचा घेतला आहे.

रबरी कडी गळती कशी थांबवते, याचे उत्तर मला तिथे मिळाले. आपल्याला वाटते, ती फट भरून काढते. पण फट भरून काढायला शिसेही चालेल, लुकणही चालेल. कडीचे काम वेगळे आहे. ती दाबली जाते, आणि दाबली गेली असताना सगळा वेळ मूळ आकाराकडे परतू पाहते. या परतू पाहण्यामुळेच ती वर कूलरला आणि खाली कवचाला रेटून राहते. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, निवले की आकसतो. फट केसभर कमी-जास्त होते. कडी प्रत्येक वेळी तिच्यामागे जाते. तिची परतण्याची ओढ शाबूत आहे तोवर तेलाचा थेंब बाहेर येत नाही. ती ओढ संपली की कडी तिथेच असते, मापही तेच दिसते, पण सांधा उघडा पडलेला असतो.

रसायनशास्त्र याला दुजोरा देते. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब, गुंतलेल्या साखळ्या. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि हिवाळ्यात ठिसूळ. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली गंधक आणि उष्णता यांनी त्यावर उपाय सापडला. गंधक त्या साखळ्यांना मधूनमधून गाठी मारते, म्हणून त्या ताणल्या तरी एकमेकींना सोडून जात नाहीत आणि ताण सुटताच जागेवर येतात. मूळ आकाराची स्मृती या गाठींत असते. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि नासते. तेलाला तोंड देणारे कृत्रिम रबर जर्मन रसायनज्ञांनी १९३० च्या दशकात तयार केले. पण कोणतेही रबर वर्षानुवर्षे उष्णतेत दाबून ठेवले की त्याच्या काही जुन्या गाठी तुटतात आणि त्या दाबलेल्या अवस्थेतच नव्या गाठी बसतात. मग त्याला परतावेसे वाटेल असा आकारच उरत नाही. दाब हेच त्याचे रूप होते.

इंजिन सुटे केल्यानंतर दहा महिन्यांनी अण्णांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. दोन महिने ते नुसते पाहत राहिले. मग एका सकाळी त्यांनी माझ्याकडे पाहून स्पष्ट म्हटले, "माका पाणी हाड." मी पाणी आणले, आणि पेला त्यांच्या ओठांना लावताना लक्षात आले की ही भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती. आजी मालवणीत बोलत असे, अण्णा तिला प्रमाण मराठीत उत्तर देत. बडोद्यात पासष्ट वर्षे त्यांनी बाजारात गुजराती, वर्गात इंग्रजी आणि घरात आमची ती जराशी राजवाडी वळणाची बडोदेकर मराठी वापरली होती. त्यातले काहीच परत आले नाही. अखेरच्या तेरा महिन्यांत आले ते एवढेच: खंय, माका, हाड, आणि काही माशांची नावे.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ साली असा विचार मांडला होता की स्मृती ढासळते ती नव्याकडून जुन्याकडे, आणि जे सर्वांत आधी आले ते सर्वांत उशिरा जाते. १८९५ मध्ये पित्र या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने वेगळे निरीक्षण नोंदवले: बहुभाषिक रुग्णाची जी भाषा आजारापूर्वी सर्वांत अधिक वापरात होती ती आधी परतते. पुढच्या अभ्यासकांना दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटले. सर्वांना लागू पडेल असा नियम सापडला नाही. तेव्हा अण्णांच्या मालवणीवरून मी सिद्धांत काढणार नाही. पण एवढे मला दिसले की जिच्यावर पासष्ट वर्षे तीन भाषांचा दाब होता ती बोली चपटी झाली नव्हती. दाब निघताच ती जागेवर आली. आणि त्याच वेळी मला हेही दिसले की आमच्या घरात ती त्यांच्यापाशीच संपते. मला मालवणी समजते, बोलता येत नाही. भावाच्या मुलांना मराठी समजते, वाचता येत नाही.

परप्रांतातल्या मराठी माणसाच्या मनात 'मूळ' या शब्दाविषयी एक हळवेपण असते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर, जिथे जिथे आपण गेलो तिथे ते आहे. मी ते पुष्कळ सभांतून ऐकले आहे आणि त्याने मला अनेकदा संकोच वाटला आहे, कारण ज्याला खरेच परतायचे असते तो परततो. अण्णांना परतायचे नव्हते. मालवणचे घर चुलत्यांना देऊन टाकताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. बडोद्याच्या चुन्याविटांत, गुजराती शेजाऱ्यांत, उंधियूत आणि पतंगांत ते मनापासून राहिले. त्या जुन्या कड्या हातात घेतल्यावर मला वाटले की आपण ओढ आणि परतणे यांची गल्लत करतो. कडी परतली, म्हणजे सांध्यातून बाहेर आली, तर ती निकामी. आणि तिने परतण्याची ओढ सोडली तरी ती निकामी. तिचा उपयोग या दोहोंच्या मध्ये आहे: राहायचे इथेच, दोन परक्या धातूंच्या मधोमध, पण आपला आकार विसरायचा नाही. असे राहणाऱ्या माणसामुळे दोन्ही बाजू जोडलेल्या राहतात. त्याचे त्यालाही ते बहुधा ठाऊक नसते.

अण्णा २०१९ च्या सप्टेंबरात गेले. धाकट्या भावाचे पुण्याहून सांगणे होते की गाडी आहे तशी, डब्यांसकट, एखाद्या हौशी माणसाला देऊन टाकावी. त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते. वाडा आम्ही सोडणार होतो, नव्या घराला अंगण नव्हते. शिवाय २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीचे नियम केले आणि अशा गाड्यांकडे पुन्हा लोकांचे लक्ष गेले. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, अशी त्या नियमांची अपेक्षा आहे. मूळ स्वरूप! आमच्या गाडीच्या पोटात एक कवच १९६६ चे आणि एक कूलर त्याच्या पुढच्या पिढीचा. मी भावाला म्हटले, "विकू. पण बांधून विकू. डब्यांत नाही." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, त्या प्रश्नचिन्हांचे काय करणार?"

प्रश्नचिन्हांचे उत्तर उस्तादांपाशी होते. उस्ताद हे अण्णांच्या जुन्या विद्यार्थ्याचे चुलते. पाणीगेटच्या आतल्या एका गल्लीत त्यांचे दोन खणांचे दुकान आहे आणि वयाची पंचाहत्तरी उलटल्यावरही इंजिनाचा आवाज ऐकताना ते डोळे मिटतात. त्यांनी कवचाच्या भोकात आधी ड्रिलचा आठाचा दांडा घालून पाहिला, मग कूलरच्या भोकात दहाचा. दोन्ही पाकिटे बाजूला सारली आणि म्हणाले की या जागी दोन तोंडांची कडी लागेल, खालून आठाची आणि वरून दहाची. अशा कड्या मिळतात. जुन्या कवचावर नवा कूलर चढवणारे लोक जगभर इतके झाले की त्यांच्यासाठीच त्या तयार होतात. पाच आठवड्यांनी त्या टपालाने आल्या. दिसायला अगदी साध्या; फरक कळायला प्रकाशाकडे धरून पाहावे लागते. आठाची जोडी जुन्यांची होती, दहाची नव्यांची. ज्यांचा अर्धा संसार जुना आणि अर्धा नवा, त्यांचीही काही सोय कुणी तरी केलेली होती, याचे मला विलक्षण बरे वाटले.

बसवण्याआधी तयारीचेच काम मोठे होते. कूलरची परीक्षा आधी. जुन्या इंजिनाचे एखादे बेअरिंग झिजून गेलेले असेल तर त्याचा धातूचा कीस कूलरच्या अरुंद नळ्यांत साठून राहतो, आणि तोच कूलर नव्याने बांधलेल्या इंजिनावर चढवला की पहिल्याच दिवशी तो कीस बेअरिंगांत उतरतो. उस्तादांनी तो तीन वेळा द्रावणाने धुतला, उलट दिशेने हवा मारली, पाण्यात बुडवून दाबाखाली बुडबुडे येतात का ते पाहिले. मग बैठकी साफ करणे. तिथे ते जुने लुकण दगडासारखे बसले होते. मॅग्नेशियम मऊ, म्हणून लोखंडी पातीचा वापर वर्ज्य. बांबूच्या कामट्या तासून मी दोन दुपारी ते खरवडून काढले. उस्ताद अधूनमधून बोट फिरवून पाहत आणि मान हलवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही, तेव्हा मला समजले की झाले.

प्रत्यक्ष बसवणे काही मिनिटांचे. कड्या कोरड्या बसवायच्या. लुकण नाही, चिकटद्रव्य नाही. लहान तोंड खाली, मोठे वर. दोन्ही आपापल्या खळग्यांत सरळ बसल्या की कूलर वरून अलगद, तिरका न होऊ देता उतरवायचा. त्याला तीन नट असतात, सहा मिलिमीटरच्या आट्यांचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे करायचे नाही. तिघांना पाळीपाळीने थोडे थोडे. मी पाना हातात घेतला तेव्हा उस्तादांनी माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवली. "दबाना नहीं, बेन. बिठाना है." कारखान्याने सांगितलेले बळ फारच थोडे आहे, सुमारे सात न्यूटन मीटर, लोणच्याच्या बरणीचे झाकण लावताना आपण याहून जास्त जोर करत असू. जास्त आवळले तर मऊ कवचातून स्टड उपटून येतो, आणि कडी चिरडली तर तिची ओढ पहिल्याच दिवशी संपते. कमी आवळले तर तिला ओढच लागत नाही. या दोहोंमध्ये जी जागा आहे ती हाताला कळावी लागते. उस्तादांची बोटे माझ्या मनगटावर होती आणि एका क्षणी त्यांनी ती उचलली. मी थांबले.

२०२२ च्या जानेवारीत, उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, इंजिन सुरू झाले. आधी ठिणगीची तार काढून ते नुसते फिरवले, तेलाचा दाब येऊन दिवा विझेपर्यंत. मग तार जोडली. तो आवाज, पत्र्याच्या डब्यात कुणी वेगाने शिवणयंत्र चालवावे तसा, चार वर्षांनी त्या वाड्यात उठला आणि शेजारची माणसे गच्चीवरून डोकावली. अर्धा तास चालवून बंद केले. गाडीखाली वर्तमानपत्र पसरले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी भाऊ आणि मी वाकून पाहिले. कागद कोरा होता. एका कोपऱ्यात पतंगाच्या मांज्याचा गुलाबी तुकडा वाऱ्याने येऊन पडला होता, तेवढाच. भावाने तो कागद घडी घालून बॅगेत ठेवला. कशासाठी, हे मी विचारले नाही.

गाडी त्या उन्हाळ्यात विकली गेली, अहमदाबादच्या एका तरुण जोडप्याला. त्यांना तिच्यातले काही फारसे कळत नव्हते आणि शिकायची हौस होती. मला तेच पसंत पडले. डबे त्यांनी मागून घेतले. कड्यांच्या डब्यातली अण्णांची दोन्ही पाकिटे मी त्यांच्या प्रश्नचिन्हांसकट तशीच ठेवली आणि शेजारी तिसरे ठेवले, त्यात दोन तोंडांच्या कड्यांची एक जादा जोडी. कारण आज बसवलेल्या कड्याही एके दिवशी चपट्या होतील. त्यांच्यातही हळूहळू नव्या गाठी बसतील आणि जुना आकार पुसला जाईल. तेव्हा जो कुणी इंजिन उतरवील तो कदाचित मराठी वाचणारा नसेल. म्हणून तिसऱ्या पाकिटावर मी आधी मराठीत लिहिले आणि मग तेच खाली गुजराती अक्षरांत: 'कवच आठ, कूलर दहा. लहान तोंड खाली. कोरडे बसवावे. फार आवळू नये.'